हंड्यांना गोधड्या

परवा फोनवर धाकट्याने सांगितलं की शाळेत बाईंनी विचारलं, "तुझी आई काय काम करते?" आणि त्याने उत्तर दिलं, "ती लोकांचे दिवे बंद करते." सगळा वर्ग हसला म्हणे. त्यावर थोरली मागून ओरडली, "असं नाही काही, ती पवनचक्क्या चालवते." मग तुम्ही दोघं भांडायला लागलात आणि तुमच्या बाबांनी फोन ठेवून दिला. दोघांचंही थोडं बरोबर आहे आणि बरंचसं चूक आहे. म्हणून हे नीट लिहून काढते आहे. थोरलीने ते धाकट्याला वाचून दाखवावं. वाचताना मध्येच आपल्या मनचं घालू नये.

तुमची आई दिवे बंद करत नाही. ती लोकांना जरा थांबायला सांगते, आणि लोक थांबतात. ऐकायला सोपं वाटतं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यातला अर्धा वेळ मुलींना "थांबा" सांगण्यात गेला. त्यामुळे ते किती अवघड आहे हे मला ठाऊक आहे.

थोरली रांगत होती तेव्हा तुमची आई, म्हणजे माझी लेक, एका कंपनीत लागली. कंपनी परदेशातली, मूळची समुद्राच्या तळातून तेल आणि गॅस काढणारी. मला ते फारसं रुचलं नव्हतं. मी विचारलं, "तेलवाल्यांकडे तुझं काय काम?"

"आई, ते आता वारा आणि ऊन विकायला लागलेत."

"वारा आणि ऊन कुणाच्या मालकीचं असतं का, विकायला?"

"तारेत शिरलं की होतं," असं म्हणून ती डबा घेऊन पळाली, कारण इलेक्ट्रॉनिक सिटीची बस चुकली असती.

तेव्हा त्यांचं ऑफिस म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या इमारतीतला एक मजला होता. खुर्च्या कमी पडायच्या, मीटिंग जिन्यात व्हायची. मग दोन मजले झाले, मग अख्खी इमारत, आणि आता रस्त्यापलीकडची दुसरीही त्यांचीच आहे. कंपनी जसजशी वाढत गेली तसतशी आई उशिरा घरी येऊ लागली आणि जेवताना गावांची नावं घेऊ लागली. पावगड, चित्रदुर्ग, गदग. माझ्या लहानपणी ही नावं दुष्काळाच्या बातम्यांत यायची. तिकडे ऊन आणि वारा सोडून काही नाही, असं मोठी माणसं म्हणायची. आता त्याच दोन गोष्टींसाठी साहेब लोक विमानाने येत होते.

एकदा घरच्या माणसांना ऑफिस बघायला बोलावलं होतं. मी चांगलं सिल्क नेसून गेले. तिथे निम्मी मुलं चपला घालून फिरत होती. एका भिंतीवर मोठाले पडदे होते आणि त्यांवर रेघा सरकत होत्या. तुमच्या आईने मला एका पडद्यासमोर उभं केलं. "ही निळी रेघ म्हणजे लोकांना लागणारी वीज. ही पिवळी म्हणजे उन्हापासून झालेली." निळ्या रेघेला दोन उंचवटे होते, एक सकाळी, एक दिवेलागणीला. पिवळी भर दुपारी डोंगरासारखी फुगली होती, आणि तेव्हा निळी खाली बसलेली.

"दोघांच्या वेळा जुळत नाहीत," मी म्हटलं.

"तीच तर गंमत आहे. दुपारी वीज जास्त होते, घ्यायला कुणी नाही. सकाळी सगळ्यांना एकदम हवी, तेव्हा ऊन नाही."

"लग्नातही असंच असतं. निभावून नेतात."

शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा हसला. तो पुण्याचा होता, त्याला मराठी कळलं. मग आईने मला कोलारच्या रस्त्यावरचं टोमॅटोचं शीतगृह दाखवलं, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. सकाळी विजेची ओढाताण सुरू झाली की इथून तिथे निरोप जातो आणि शीतगृहाची यंत्रं थोडा वेळ थांबतात. आतली थंडी तेवढ्यात कुठे जात नाही. टोमॅटोला कळतसुद्धा नाही. शीतगृहवाल्याला थांबण्याचा मोबदला मिळतो. असं शंभर ठिकाणी केलं तर तेवढ्या विजेसाठी कुठे कोळसा जाळावा लागत नाही.

"वीज साठवायची तर महाग पडते, आई," ती म्हणाली. "पण थंडी साठलेली असते. ऊब साठलेली असते. आम्ही ती शोधत फिरतो."

हे तिचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. पुढे उपयोगी पडलं.

तेव्हा तुम्ही सगळे इथे बंगळुरात, बसवनगुडीत माझ्याकडेच राहत होता. तुमचे आजोबा गेल्यावर आईने मला एकटं राहू दिलं नाही. तुमच्या बाबांनीही नागपूरच्या माणसाला शोभेल अशा मोकळेपणाने आपली पुस्तकं आणून माझ्या फडताळात घुसवली. आपल्या घरात आंघोळ केल्याशिवाय कुणी गॅस पेटवत नाही, हा माझ्या सासूबाईंचा नियम. वरच्या मजल्यावरच्या अक्कांकडेही तोच. खालच्या, बाजूच्या, समोरच्या घरांतही तोच. म्हणजे उजाडायच्या आत बसवनगुडीतला प्रत्येक गीझर सुरू. आपल्या इमारतीच्या गच्चीवर उन्हाने पाणी तापवायचे बंब होते, पण बोअरच्या पाण्याने त्यांच्या नळ्या चुन्याने भरून गेल्या. आता तिथे अक्का मिरच्या वाळवतात.

तर कंपनीने ठरवलं की शीतगृहं आणि कारखाने झाले, आता घरं. गीझरच्या बटनाशेजारी सुपारीच्या डबीएवढी एक पांढरी पेटी बसवायची. तिच्यातला हिरवा दिवा लाल झाला की गीझर थोडा वेळ थांबणार. फारच नड असली तर पेटीवरचं बटन दाबायचं की गीझर पुन्हा सुरू. कुणी बटन दाबलं ते तिकडे पडद्यावर दिसणार. बंगळुरात काही इमारती निवडल्या होत्या, त्यांतली एक आपली, कारण आईला वाटलं, निदान इथे तरी लोक आपलं ऐकतील. हे काम तिने मांडलेलं, तिने लढून मिळवलेलं. साहेबांचं म्हणणं होतं की घरातली माणसं थांबत नाहीत, कारखाने थांबतात.

इमारतीची परवानगी हवी म्हणजे अक्कांची परवानगी हवी. अक्का आमच्या असोसिएशनच्या अध्यक्षा, आणि निवडणूक कधी झाली ते कुणालाच आठवत नाही. आम्ही दोघी कन्नडातच बोलतो, इथे मराठीत लिहिते आहे. मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे टीचर, तुमची मुलगी सकाळी माझ्या गीझरला 'स्वल्प इरी' म्हणणार."

"हो. जरा थांबा, एवढंच."

"आणि एवढं म्हणायला परदेशी कंपनी पगार देते?"

"देते."

"मी माझ्या यजमानांना चाळीस वर्षं म्हणतेय. मला कुणी दमडी दिली नाही." असं म्हणून त्यांनी होकार दिला, आणि अक्कांचा होकार म्हणजे इमारतीचा होकार.

पेट्या बसल्या. सुरुवातीला दिवा क्वचित लाल व्हायचा, तोही थोडाच वेळ. लोक कुरकुरत आणि विसरत. खरी परीक्षा पुढे होती. दसऱ्यानंतर एका सकाळी सगळ्या निवडलेल्या इमारतींत एकाच वेळी दिवे लाल होणार होते, उजाडायच्या आधीपासून ते चांगलं ऊन पडेपर्यंत. निम्म्याहून जास्त घरांनी बटन दाबलं तर घरांचं काम बंद.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते. आई समोर येऊन बसली आणि माझ्यासमोरची निवडलेली मेथी पुन्हा निवडायला लागली.

"बोल," मी म्हटलं.

"हे जमलं तर मला तिकडे बोलावणार आहेत. स्कॉटलंडला. तिकडच्या घरांचं सगळं काम माझ्याकडे देणार."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. मुलांच्या शाळा, घर, सगळं ते बघणार. तूही चल."

"मी तिथे काय करू? मला बर्फात चालता येत नाही."

"मग नाही जमलं तर बरं, असं म्हण."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तेच तर."

एवढंच बोलणं झालं. तिला जायचं होतं, हे तिने सांगितलं नाही, पण तिच्या हातातली मेथीची जुडी बघून कळत होतं. देठांसकट पानं टाकत होती. आणि तिने जाऊ नये असं मला वाटत होतं, हे मीही सांगितलं नाही. थोरली तेव्हा माझ्या कुशीत झोपायची आणि झोपेत माझ्या बांगड्या मोजायची. धाकटा अजून "आजी" म्हणत नव्हता, "आदी" म्हणत होता.

आता एक चूक कशी झाली ते सांगते. परीक्षेचा दिवस परदेशातल्या ऑफिसने ठरवला. त्यांच्या कॅलेंडरात दिवाळी म्हणून एकच दिवस छापलेला होता, लक्ष्मीपूजनाचा. तो त्यांनी अगदी आठवणीने टाळला आणि आदला दिवस धरला. वर पत्रात लिहिलं की तुमच्या सणाचा मान ठेवून तारीख निवडली आहे. आईकडे तेव्हा ढीगभर कामं होती. तिने ते वाचलं, तारीख बघितली, तिथी बघितली नाही, आणि होकार कळवून टाकला. दिनदर्शिका स्वयंपाकघरात माझ्या डोळ्यांसमोर टांगलेली असते. मला तिने तारीख सांगितली ती चार दिवस आधी, चहा पिताना.

मी म्हटलं, "अगं, त्या दिवशी नरकचतुर्दशी आहे."

तिने कप खाली ठेवला आणि उठून दिनदर्शिका बघायला गेली.

तुम्हाला सांगायला हवं, कारण तिकडे तुम्ही आंघोळ हवी तेव्हा करता. नरकचतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत अंगाला तेल लावून कढत पाण्याने न्हायचं असतं. मराठी घरांत, कन्नड घरांत, सगळीकडे. म्हाताऱ्यांपासून तान्ह्यांपर्यंत. वर्षभरात बंगळुरात सगळ्यात जास्त गरम पाणी कुठल्या पहाटे लागत असेल तर त्या पहाटे. आणि नेमक्या त्याच पहाटे तुमची आई सगळ्या गीझरांना थांबा म्हणणार होती.

तिने तिकडे फोन केले. तारीख बदलत नव्हती. शीतगृहं, कारखाने, सगळ्यांच्या वेळा त्या सकाळीच बांधलेल्या होत्या. दुसरी तारीख म्हणजे पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षी कोण कुठे असेल. तुमचे बाबा म्हणाले, "काऊन एवढी टेन्शन घेते? दाबतील बटन, दाबू दे. इथलं काय वाईट चाललंय आपलं?" ते चांगल्या मनानेच म्हणाले. आई आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी खरकटं आवरलं, ओटा पुसला. मग पदर खोचून अक्कांकडे जायला निघाले. आपला जिना तुम्हाला आठवतो, मधल्या वळणावर खिडकी आहे आणि तिथून मशिदीसमोरच्या फुलवाल्याची टोपली दिसते. तिथे मी जरा उभी राहिले. वर गेले नाही तर काय होईल हे मला स्वच्छ कळत होतं. इमारतीतली सगळी घरं बटन दाबतील, थोरली माझ्या कुशीत झोपत राहील, आणि आई रोज तीच बस धरील. वर गेले तर तुम्ही जाणार. मग वर कुणीतरी प्रेशर कुकरची शिट्टी थांबवली आणि अक्कांचा आवाज आला, "टीचर, तुम्हीच ना? वर या, तिथे काय उभ्या?"

मी विचारलं, "अक्का, तुमच्याकडे नीरु तुंबुव हब्ब अजून करता का?"

हा आपल्या इथला जुना सण, पाणी भरायचा. चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीघर स्वच्छ करायचं, तांब्याचा हंडा चिंचेने लखलखीत घासायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, गळ्यात फुलांची माळ घालायची आणि तो पाण्याने भरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीचं पाणी. आपली मराठी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे आमच्याकडेही हे करायचे. गीझर आले आणि हळूहळू सुटलं.

"करते की," अक्का म्हणाल्या. "गीझरलाच कुंकू लावते आणि एक तांब्या भरून ठेवते. देवाला समजतं."

"या वर्षी हंडे काढू या. दुपारी भरपूर वीज असते, तेव्हा गीझर लावायचा, कढत पाणी हंड्यात, घागरीत, जे असेल त्यात भरायचं. पुन्हा गीझर भरू द्यायचा, पुन्हा तापवायचं. वर झाकण घालून गुंडाळून ठेवायचं. पहाटेपर्यंत ऊब कुठे जाते? मग सकाळी तिने गीझर थांबवला तर थांबवू दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अक्कांना सगळं माहीत असतं. स्कॉटलंडचंही माहीत होतं, कारण तुमचे बाबा लिफ्टमध्ये मोठ्याने फोनवर बोलतात.

"मुलं जातील, टीचर."

"हो."

"सरी," म्हणजे बरं, असं त्या म्हणाल्या आणि उठून माळ्यावरची शिडी आणायला गेल्या.

मी आधी आमच्याच घरी करून पाहिलं. दुपारी घागर भरली, तोंडावर ताट ठेवलं, वर जुनी गोधडी. पहाटे हात घातला. कढत नव्हतं, पण दोन तांबे गार पाणी घालावं लागलं इतकं होतं. मग अक्कांनी दारोदार जाऊन सांगितलं. वीज, कंपनी, परीक्षा यांबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, "या वर्षी हब्ब नीट करायचा आहे, दुपारी करायचा आहे, आणि मी बघायला येणार आहे." समोरच्या घरातली मुलगी के. आर. पुरमच्या आपल्या आजीकडून हंडा आणायला गेली आणि तो ओलाकॅबच्या पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवून घेऊन आली. ज्यांच्याकडे हंडे नव्हते त्यांनी स्टीलची पिंपं काढली, एका घराने सहलीची मोठी थंड पाण्याची बरणी. ती गरमही ठेवते, असं कळलं.

त्या दुपारी इमारतीत चिंचेचा वास होता. दारं उघडी होती आणि प्रत्येक न्हाणीघरातून वाफ येत होती. मी सासूबाईंचा हंडा घासला, त्याच्याभोवती रांगोळी काढली, शेवंतीची माळ घातली. गोधडी मात्र मऊ हवी म्हणून थोरलीची, बाळपणीची, माझ्या जुन्या साड्यांची शिवलेली घेतली. धाकटा बाजूला उभा राहून बघत होता. त्याने हंड्याला थोपटलं आणि "जो जो" म्हणाला.

आई ऑफिसातून लवकर आली होती. दारातच उभी राहिली.

"आई, तू काय करतेयस कळतंय ना तुला?"

"पाणी भरतेय."

"मी काय विचारतेय ते तुला समजलंय."

"समजलंय. ते पिंप इकडे सरकव, आणि आधी पाय धू."

तिने पाय धुतले, पिंप सरकवलं, आणि मग माझ्या पाठीवर डोकं टेकवलं. माझे हात चिंचेने बरबटलेले होते, त्यामुळे मला वळता आलं नाही.

पहाटे तुम्हाला उठवलं तेव्हा बाहेर अंधार होता आणि कुठे कुठे फटाके सुरू झाले होते. पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल. थोरली डोळे मिटूनच पाटावर बसली. धाकट्याने तेल लागताच सुळकन निसटून अर्धं घर तेलकट केलं. पेटीवरचा दिवा लाल झाला. आई मोबाइल हातात घेऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती. त्यावर इमारतीतल्या घरांचे हिरवे ठिपके होते, जो बटन दाबेल त्याचा लाल होणार. मी गोधडी काढली, ताट उचललं, आणि वाफ वर आली. चांगली जाड वाफ. मी आईकडे बघितलं, ती रडत होती आणि हसत होती.

एकेक आंघोळ होत गेली. वरून पाणी पडल्याचा आवाज, खालून कुणीतरी ओरडतंय, "उटणं कुठंय?" ठिपके हिरवेच राहिले. कुणी बटन दाबत नव्हतं. आणि मग अचानक एक ठिपका लाल.

"कोण ते?" आई ओरडली. बघते तर ठिपका आमचाच.

दुसऱ्या न्हाणीघरातून तुमच्या बाबांचा आवाज आला, "अरे बाप्पा! डोक्याला शिकेकाई आहे अन् पाणी संपलं! काही दिसून नाही राहिलं, हाताला लागलं ते बटन दाबलं!"

त्यांच्या वाटची घागर त्यांनी एकट्याने, अंगावर नुसती ओतून ओतून संपवली होती. सगळ्या इमारतीत एक फितूर निघाला, तो घरचाच जावई. अक्का फराळाचं ताट घेऊन खाली आल्या तेव्हा त्यांना हे कळलं, आणि त्या इतक्या हसल्या की चकल्या ताटातून घरंगळल्या. अजूनही त्या तुमच्या बाबांचा विषय निघाला की "बटन अळियंदिर" म्हणतात, म्हणजे बटनवाले जावईबापू.

बाकीच्या इमारतींत काय झालं ते मला नीट माहीत नाही. काही ठिकाणी निम्म्यांनी दाबलं, काही ठिकाणी थोड्यांनी. काही ठिकाणी आईने आदल्या दिवशी आमच्या अक्कांचा निरोप तसाच्या तसा पाठवला होता, कन्नडात, हंड्याच्या फोटोसकट. एकूण हिशेबात परीक्षा पार पडली. पत्र आलं तेव्हा कडलेकाई परिषे, आपली शेंगांची जत्रा, चालू होती. रस्ताभर शेंगांचे ढीग होते आणि तुम्ही दोघं माझ्या दोन बाजूंना बसून शेंगा फोडत होता. आईने पत्र वाचलं आणि मोबाइल उलटा ठेवला. तिने माझ्या हातावर एक सोललेला दाणा ठेवला, मग आणखी एक. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही गेलात.

आता तिकडे तुमच्या खिडकीतून समुद्रात पवनचक्क्या दिसतात, ते मी फोनवर बघितलं आहे. कंपनी इथेही वाढतेच आहे. पांढऱ्या पेट्या जयनगरात आल्या, पलीकडच्या गल्लीत आल्या. या वेळी परीक्षा वगैरे काही नव्हती, लोकांनी आपणहून बसवल्या. थोरलीने आईला विचारावं, आई नीट सांगेल. आणि धाकट्याने बाईंना सांगावं, "माझी आई लोकांना थांबायला सांगते." वर्ग हसला तर हसू दे.

माझ्या न्हाणीघरातली पेटी तशीच आहे. मी सकाळी टॉवेल घेऊन जाते आणि कधी कधी दिवा लाल असतो. पूर्वी माझी आंघोळ एक मिनिट इकडे तिकडे झालेली मला चालायची नाही, हे तुमच्या आईला विचारा. आता मी बाहेरच्या स्टुलावर बसते. तिकडे तेव्हा मध्यरात्र असते, तुम्ही झोपलेले असता, आईही झोपलेली असते, हा निरोप तिने स्वतः पाठवलेला नसतो हे मला माहीत आहे. तरी मला वाटतं, तीच म्हणते आहे, जरा थांब. मी थांबते. दिवा हिरवा होतो, पाणी गरम होतं, दिवस सुरू होतो.

सासूबाईंचा हंडा मी माळ्यावर परत टाकलेला नाही, न्हाणीघरातच आहे. तुम्ही या दिवाळीला येणार असं आई म्हणाली आहे. थोरलीची गोधडी धुवून, उन्हात घालून ठेवली आहे, तेवढी हंड्याला पुरते. बाबांसाठी मात्र अक्कांनी एक वेगळं मोठं पिंप काढून ठेवलं आहे. त्यांना तसं सांगा.